गायरान, बांध आणि अभयारण्य: मराठवाड्यातल्या गावाने जैवविविधतेचा आराखडा कसा करावा, पैसा कुठून उभा करावा

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला. तो थेट यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला. त्याआधी २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ गौताळा अभयारण्यात पोचला होता. या दोघांच्या वाटेवर सलग जंगल नव्हतं. सोयाबीनची रानं, उसाचे फड, ओढ्याकाठच्या वेड्या बाभळी, गायरानं, कॅनॉल आणि डांबरी रस्ते पार करत ते आले. येडशीचं अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचं आहे. वाघ तिथे मुक्कामाला थांबला, पण त्याला इथवर आणलं ते शेतकऱ्यांच्या शिवारांनी.

आकडे मांडले की चित्र लख्ख होतं. जायकवाडी पक्षी अभयारण्य ३४१ चौरस किलोमीटर, गौताळा औट्रमघाट २६०, नायगाव मयूर अभयारण्य सुमारे ३०, येडशी २२. नांदेड-यवतमाळच्या सीमेवरचं पैनगंगा वेगळं ठेवलं तर बेरीज साडेसहाशेच्या आसपास, आणि त्यातलाही काही भाग जळगाव-अहिल्यानगर जिल्ह्यांत मोडतो. मराठवाडा सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरचा. म्हणजे शंभरात जेमतेम एक. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल करारात २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि पाणी संवर्धनाखाली आणायचं जगाने ठरवलं, भारतानेही २०२४ मध्ये आपला राष्ट्रीय कृती आराखडा त्याला जुळवून घेतला. मराठवाड्यात हे नवी अभयारण्यं काढून होणारं काम नाही, तेवढी मोकळी वनजमीनच नाही. इथलं काळवीट, लांडगा, खोकड आणि तणमोर, धाविक असे गवताळ माळावरचे पक्षी हे सगळं माळावर, गायरानावर आणि शेताच्या बांधावर जगतं. म्हणून आराखडाही गावाचाच हवा, आणि त्यातला पैसा शेती, पाणी, रोजगार हमी, पशुसंवर्धन अशा खात्यांतून यायला हवा. हा पैसा आजही गावात येतोच. फक्त कुठल्याच मंजुरीवर 'जैवविविधता' असं लिहिलेलं नसतं.

पुढची कामं याच क्रमाने करा. क्रम चुकला की मंजूर झालेला पैसाही अडकून पडतो.

आधी जमीन कुणाची ते काढा

तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना १ ची जोडपत्रं मागा. १-अ मध्ये वनजमिनी असतात, १-ब मध्ये सरकारी बिनभोगवट्याच्या जमिनी, १-ई मध्ये अतिक्रमणं. गायरानाचे गट नंबर, क्षेत्र आणि सध्याचा वापर एका कागदावर घ्या आणि गावनकाशावर रंगवा. त्यात ओढे, पाझर तलाव, देवस्थानची जमीन, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेरीची जमीन हे सगळं दाखवा.

हे आधी करायचं कारण असं, की प्रत्येक तुकड्याचा धनी वेगळा. वनखात्याच्या जमिनीवर ग्रामपंचायत स्वतःहून काम काढू शकत नाही. पाझर तलाव जिल्हा परिषदेचा असेल, धरणाच्या काठची जमीन जलसंपदा विभागाची. गायरान सरकारचं, पण जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२ खाली गुरांच्या मोफत चराईसाठी राखलेलं आणि ग्रामपंचायतीच्या ताब्यातलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचे आदेश दिले, त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाचा निर्णयही निघाला. हे दोन्ही संदर्भ ग्रामसभेच्या ठरावात लिहा.

गायरानाबद्दल आणखी एक गोष्ट लगेच करायला हवी. कृषिपंपांना दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, दिली जातात. योजना शेतकऱ्याच्या गरजेची आहे, तिला आंधळा विरोध करू नका. पण कागदावर 'पडीक' दिसणारा तुकडाच आधी जातो. पाषाणी, गवत न धरणारा गट कुठला आणि चांगला गवताळ, हरणांचा वावर असलेला गट कुठला, हे ग्रामसभेच्या ठरावात आधीच नोंदलेलं असेल तर जागा सुचवताना तुमच्या हातात काहीतरी राहतं.

नोंदवही पुन्हा लिहा

जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यातल्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्याही गावात समिती कागदावर असणारच, कारण राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून उशिरासाठी दंड लावला होता. त्या धांदलीत बऱ्याच नोंदवह्या एकीवरून दुसरी अशा उतरवल्या गेल्या. आपली काढून वाचा. गावात डोंगर नसताना बिबट्या लिहिलेला आणि रोज दिसणारा धाविक गायब असेल, तर समजून घ्या.

एका गावात आम्ही छापील नोंदवही घेऊन माळावर गेलो होतो. सोबत मेंढरं राखणारे एक वयस्क मामा होते. नोंदवहीत गवत म्हणून एकच शब्द होता, 'गवत'. मामांनी अर्ध्या तासात मारवेल, पवन्या, कुसळ वेगळी करून दाखवली, कोणतं गवत मेंढरू आधी खातं आणि कोणतं कुसळ धरल्यावर तोंड लावत नाही तेही सांगितलं. मग एका बोरीच्या बुडाशी थांबून म्हणाले, "हे बघा, खोकडाचं बीळ. दोन तोंडं हायेत. औंदा पिल्लं होती. हितं जेसीबी आणू नका म्हणून लिव्हा." आमच्या आराखड्यातली सगळ्यात कामाची ओळ तीच ठरली.

तेव्हा नोंदवही लिहायला धनगर, पारधी, भोई, लमाण तांड्यावरच्या बाया, बांधावर भाजी खुडणाऱ्या आज्या यांना घ्या. समितीत किमान एकतृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य कायद्याने लागतातच; त्यांची नावं सहीपुरती ठेवू नका. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतीशास्त्र किंवा प्राणीशास्त्राच्या प्राध्यापकांना शास्त्रीय नावं तपासायला बोलवा. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा फिरा, कारण माळ दोन्ही वेळा वेगळाच दिसतो. पाळीव जनावरंही लिहा: देवणी, लाल कंधारी, उस्मानाबादी शेळी, मराठवाडी म्हैस. आपल्या भागातला हा वारसा जंगली प्राण्यांइतकाच मोलाचा आहे, आणि पशुसंवर्धन खात्याचा पैसा आराखड्यात आणायची वाटही तीच.

थोडंच निवडा

नोंदवहीत शेकडो नावं येतील. आराखड्यात तीन-चारच उद्दिष्टं ठेवा आणि प्रत्येकापुढे जागा, मुदत, जबाबदार माणूस लिहा. 'पर्यावरणाचं रक्षण करणे' असं वाक्य मंजुरीच्या टेबलावर टिकत नाही. 'अमुक गटातल्या गायरानावर तीन पावसाळ्यांत मारवेल-पवन्याचं क्षेत्र निम्म्यापर्यंत नेणे आणि खोकडाच्या बिळांभोवती मशीनबंदी ठेवणे' हे टिकतं, कारण त्यावरून मोजमाप करता येतं आणि अंदाजपत्रकही बनवता येतं.

कामं ठरवताना माळरानाला जंगल समजू नका

हे मी कळकळीने सांगतो. मराठवाड्यात वृक्षारोपणाच्या नावाखाली सगळ्यात जास्त मार बसला तो माळरानाला. राज्याने २०१६ ते २०१९ मध्ये कोट्यवधी झाडांच्या मोहिमा घेतल्या, आणि मोकळी जागा म्हणून माळ हाताशी होते. उथळ मुरमाड जमिनीत खड्डे घेतले, गिरिपुष्प-सुबाभूळ लावली. काळवीट आणि तणमोर यांना मोकळं, लांबवर नजर जाणारं गवत लागतं. तिथे दाट झाडी केली की ते निघून जातात, आणि मेंढरांची चराईही जाते. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, गावठाणात, रस्त्याकडेला लावा. कडुलिंब, बाभूळ, हिवर, बोर, पळस अशी इथलीच लावा.

माळावरची खरी कामं साधी असतात. वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आलेलं काटेरी झुडूप, मुळासकट काढणे. गायरानाचे तीन-चार हिस्से पाडून दरवर्षी एका हिश्शाला पावसाळ्यात चराईबंदी ठेवणे. गवत बी टाकल्यावरच, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे, कापणे आणि ते विळ्याने कापणे. वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढणे. मशीनची खोदाई मार्च ते जूनमध्ये माळावर करू नये, कारण टिटवी आणि धाविक याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आणि नेमके हेच दिवस आपल्याकडे जलसंधारणाच्या कामांचे असतात. चर खोदायचेच असतील तर बिळं, घरटी आधी दाखवून घ्या आणि तेवढा भाग सोडा. इंजिनिअर ऐकतात, फक्त नकाशावर खूण हवी.

पैसा: दोन रकाने आखा

आता मुख्य गोष्ट. वहीचं पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे एकदाचा खर्च, उजवीकडे दरवर्षीचा खर्च. वेडी बाभूळ काढणं, पाणवठा, गवताची पेरणी, नोंदवहीची छपाई डावीकडे. राखणदार, जाळरेषा, मोजणी, समितीच्या बैठका उजवीकडे. बहुतेक योजना डावा रकाना भरतात. गावातलं संवर्धन मात्र मोडतं ते उजव्या रकान्यात. कुंपण होतं, राखणदार नसतो. दुसऱ्या वर्षी कुंपणाचे खांबही जागेवर राहत नाहीत.

राखणदाराचा हिशेब करून बघा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तोच दर धरून जुलै ते नोव्हेंबर असे १५० दिवस दोन माणसं लावली तर ९३ हजार ६०० रुपये होतात. एवढी रक्कम दरवर्षी कुठून येणार, हे आधी ठरवा आणि मगच डाव्या रकान्याला हात घाला.

उजव्या रकान्यासाठी गावाचं स्वतःचं उत्पन्न लागतं. चराईबंदीच्या हिश्शातल्या गवताचा लिलाव, पाझर तलावाचा मासेमारीचा ठेका, गावच्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधन नेणाऱ्याकडून समितीने घ्यायचं संकलन शुल्क हे त्याचे झरे. शुल्काचा अधिकार कलम ४१ मध्येच आहे, मात्र स्थानिक लोक, वैदू यांच्याकडून ते घ्यायचं नाही. जैविक संसाधन वापरल्याबद्दल कंपन्यांकडून येणाऱ्या वाट्यावर, म्हणजे लाभवाटपावर, फार भिस्त ठेवू नका. सोयाबीन, कापूस अशा नेहमीच्या बाजारातल्या मालाला ते लागू होत नाही. कलम ४३ प्रमाणे स्थानिक जैवविविधता निधी उघडा, त्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि ही सगळी रक्कम तिथेच जमा करा. ग्रामनिधीत मिसळली की ती गटारीच्या आणि पथदिव्यांच्या बिलात जाते.

डाव्या रकान्यासाठी दारं बरीच आहेत. पहिलं ग्रामपंचायत विकास आराखड्याचं. त्याच्या नऊ विषयांत 'स्वच्छ आणि हरित गाव' हा एक आहे. वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायच्या, निधीतून त्यातली कामं घेता येतात, आणि पाण्याशी जोडलेली कामं ठरलेल्या कामांसाठीच्या बंधित निधीत बसवता येतात. दुसरं रोजगार हमीचं. मजुरीचा वाटा मोठा असलेली कामं, म्हणजे वेडी बाभूळ काढणं, दगडी बांध, चारा लागवड, तलावातला गाळ काढणं, इथे टाका. तिसरं जिल्हा वार्षिक योजना: पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. इथे गावाने थेट अर्ज न करता वन, पशुसंवर्धन किंवा मत्स्य खात्यामार्फत प्रस्ताव जायला हवा. चौथं माझी वसुंधरा अभियान: चांगले गुण मिळाले तर बक्षिसाची रक्कम पर्यावरणाच्याच कामाला वापरता येते.

किनवट-माहूर भागातल्या गावांसाठी एक वाट वेगळी आणि भक्कम आहे. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी मिळतो, आणि वन व वन्यजीव संवर्धन हा त्याच्या ठरलेल्या वापरांपैकी एक आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी तर आपलं जंगल व्यवस्थापन ग्रामसभेच्याच नावाने लिहावं. गोंड, कोलाम, आंध वस्त्यांमध्ये मोह, टेंभुर्णी, डिंक यांचं ज्ञान पिढ्यान् पिढ्यांचं आहे. आराखड्यात ते पहिल्या पानावर यावं.

उद्योगांचं दार शेवटी ठोठवा, पण ठोठवाच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठराविक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, पर्यावरण आणि वन्यजीव त्यात मोडतात, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला कायदाच सांगतो. वाळूज, शेंद्रा-बिडकीन, जालन्याचा पोलाद पट्टा हे आपले शेजारी. त्यांच्याकडे जाताना झाडं लावायचा प्रस्ताव नेऊ नका, तो त्यांच्याकडे रोज येतो. राखणदार आणि मोजणीचा तीन वर्षांचा प्रस्ताव न्या. 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीच्या वर्षाखेरीज आणखी तीन वर्षं खर्च करायची सोय नियमांत आहे, म्हणजे उजवा रकाना भरू शकणारं बाहेरचं असं हे एकच मोठं दार. पैसा घ्यायला सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची) नोंदणी असलेली संस्था लागते. ती जिल्ह्यात शोधा आणि तिच्याशी लेखी करार करा.

शेतीतला वाटा

संरक्षित क्षेत्र आणि उत्पादक क्षेत्र एकत्र जोडण्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. सिंधुदुर्गात जागतिक पर्यावरण सुविधेच्या पैशातून आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साथीने किनाऱ्याचं काम झालं. तिथे मालवणच्या सागरी अभयारण्यापुरतं न थांबता मच्छीमारांच्या जाळ्यांची आसं (छिद्रं) बदलण्यावर भर दिला, म्हणजे लहान मासे निसटून जावेत, आणि खेकडापालनाची जोड दिली. आपल्याकडे मच्छीमाराच्या जागी कापूस-सोयाबीनवाला आहे.

त्याच्यासाठी पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, हे सगळ्यात मोठं साधन. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साथीने सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातले आठही जिल्हे होते. दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांतल्या ७,२०१ गावांसाठी सुमारे ६,००० कोटींचा आहे. गाव निवडलेलं असेल तर प्रकल्पाच्या गावसमितीच्या सूक्ष्म आराखड्यात बांधावरची देशी झाडं, ओढ्याकाठचा हिरवा पट्टा, फळबाग ही कामं बसवा. शेतकऱ्याला बांधाची जागा का सोडायची ते पटवावं लागतं. पुस्तकी भाषा नको. बांधावरच्या पळस-बोरीवर बसणारे कोतवाल आणि साळुंक्या बोंडअळीचे पतंग आणि अळ्या वेचतात, ते त्याला त्याच्याच रानात सकाळी दाखवा.

जालन्याची मोसंबी आणि दगडी ज्वारी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा, वसमतची हळद, पानचिंचोलीची चिंच यांना भौगोलिक मानांकन आहे. सीताफळ आणि चिंच बहुतेक बांधावर, माळाकडेला येतात, फवारणी कमी लागते. अशा पिकाला भाव मिळाला तर बांध आपोआप राहतो. उत्पादक कंपनीने पेटीमागे एक ठराविक रक्कम स्थानिक जैवविविधता निधीत द्यायची, असा ठराव करून घ्या. रक्कम छोटी असेल, पण दरवर्षी येईल.

आणि लांडगा. मेंढरू गेलं की धनगराचं नुकसान त्याच दिवशी होतं, भरपाई मात्र महिन्यांनी येते. समितीने एक माणूस नेमावा, त्याने तक्रार ताबडतोब, दोन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे द्यावी, पंचनाम्यापर्यंत मेलेलं जनावर हलवू देऊ नये, फोटो काढावेत. स्थानिक निधीतून लगेचची छोटी उचल देता आली तर विष घालायचा विचार मागे पडतो. उजव्या रकान्यात ही रक्कम पहिल्या ओळीवर लिहा.

अभयारण्याशेजारच्या गावांना

अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा साधारण दहा वर्षांचा असतो. कॅम्पाचा, म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्याच्या बदल्यात जमा होणारा, पैसा वनखात्याच्या वार्षिक कार्य आराखड्यातून येतो, तुमचं काम त्यात नसेल तर अधिकाऱ्याची इच्छा असूनही निधी मिळत नाही. म्हणून विभागीय वन अधिकाऱ्यांना ठराव पुढच्या वर्षाचा आराखडा तयार होण्याआधी द्या. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बायोगॅस, गॅस, सौर कुंपण यासाठी मदत मिळते. त्यासाठी ग्राम परिस्थितिकी विकास समिती जिवंत असायला हवी.

जायकवाडीच्या काठी प्रश्न गाळपेरीचा आहे. नाथसागराचं पाणी ओसरतं तशी जमीन उघडी पडते आणि तिथे पीक घेतलं जातं. त्याच चिखलात चक्रवाक, पट्टकादंब, रोहित हे पक्षी उतरतात. फवारणी झाली की विष थेट पाण्यात. इथे शेतकऱ्याला हुसकावणं हा उपाय नाही. काठचा ठराविक पट्टा मोकळा ठेवायचा, त्यापुढे फवारणीशिवायचं पीक, आणि त्या बदल्यात खरेदीची हमी असा करार जलसंपदा, वन्यजीव विभाग आणि गाव यांनी मिळून करायला हवा. भोई समाजाला या बैठकीत बसवा. पाण्याची खबर त्यांच्याइतकी कुणाला नसते.

गायरानाला कायमचं संरक्षण हवं असेल तर वन्यजीव कायद्यातलं संवर्धन राखीव क्षेत्राबद्दलचं कलम ३६-अ वाचा. वैजापूरला लागून, येवला तालुक्यातल्या ममदापूरला काळवीटासाठी २०१४ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. एकदा सरपंचांसह तिथे जाऊन या, चराईचं काय झालं ते गावकऱ्यांनाच विचारा, मग ग्रामसभेत चर्चा घ्या.

तारखा आणि हिशेब

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत रोजगार हमीची कामं सुचवा. २ ऑक्टोबरपासून विकास आराखड्याची प्रक्रिया सुरू होते, ती जानेवारीअखेर संपते. तोवर जैवविविधतेची कामं अंदाजपत्रकासह त्यात आलीच पाहिजेत, नंतर वर्षभर हात बांधलेले. जिल्हा योजनेसाठी खात्यांना प्रस्ताव दिवाळीआधी पोचवा. ठराव प्रोसिडिंग बुकात गट नंबर आणि रकमेसह लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा.

मोजणी साधी ठेवा. माळावर पाच ठिकाणी खुंट्या ठोका, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच ठिकाणी उभं राहून त्याच दिशेने फोटो काढा, एक मीटरच्या चौकटीत कोणती गवतं आहेत ते लिहा. हिवाळ्यात एका ठरलेल्या सकाळी शाळेतली मुलं आणि मेंढपाळ यांनी मिळून हरणं मोजावीत. हे आकडे आणि निधीचा जमाखर्च एकाच फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या बाहेर, २६ जानेवारीला लावा. पुढच्या वर्षीचा प्रस्ताव घेऊन खात्यात जाताना त्या फळ्याचा फोटो वरच जोडा.